हवेत उपसलेला कोळसा

ऑगस्टमधल्या एका दमट संध्याकाळी तोक्योच्या निशिकासाई भागात, आमच्या इमारतीमागच्या मैदानात, लाकडी मचाण उभं राहिलं. जपानीत त्याला यागुरा म्हणतात. वर मोठा ताइको ढोल, चहूबाजूंना कागदी कंदिलांच्या माळा आणि खाली गोल फिरणारी माणसं. हा बोन ओदोरी, पितरांच्या सणातला नाच. पितर या दिवसांत घरी येतात, त्यांच्यासाठी गावानं मिळून नाचायचं. जपानमधलं माझं ते दुसरंच वर्ष होतं, भाषा अर्धीमुर्धी. पण रिंगणात शिरायला भाषा लागत नाही. पुढच्याचे हात बघायचे आणि तसे आपले हलवायचे.

एक गाणं लागलं आणि अगदी तीन-चार वर्षांची पोरंसुद्धा रिंगणात धावली. दोनदा खाली वाकून काहीतरी उपसायचं, मग हात एका खांद्यावर, मग दुसऱ्या, मग कपाळावर आडवा हात धरून मागे बघायचं, मग दोन्ही तळवे पुढे रेटायचे. मी आपली नाचाची मुद्रा म्हणून हात हलवत होते. माझ्यामागे आमच्याच इमारतीतल्या एक आजी होत्या, निळ्या सुती युकातामध्ये. त्यांनी मागून माझं कोपर धरलं आणि म्हणाल्या, ‘‘असं सोडून देऊ नका हो. तो कोळसा आहे. खांद्यावर घ्यायचा.’’

पुढच्या फेरीत त्यांनी सगळं सांगितलं. खाली वाकतो ते फावड्यानं कोळसा ओढणं. खांद्यावर घेतो ती त्याची टोपली. कपाळावर हात धरून बघतो तो चंद्र. आणि तळवे रेटतो ती रुळांवरची कोळशाची गाडी. त्या मूळच्या क्यूशू बेटावरच्या, फुकुओका प्रांतातल्या चिकुहो खोऱ्यातल्या. आई खाणीच्या तोंडाशी कामाला होती. वर आलेल्या कोळशातून दगड निवडून काढायचं काम. आपल्याकडे बायका सुपात तांदूळ निवडतात, तसं तिथे कोळसा निवडत. हे गाणं त्या निवडण्याचं.

गाण्याचं नाव तान्को-बुशी, खाणीचं गाणं. त्यातला चंद्र आता सगळ्या जपानला पाठ आहे: चंद्र उगवला हो उगवला, खाणीच्या माथ्यावर उगवला, धुराडी एवढी उंच, चंद्राच्या डोळ्यांत धूर जात असेल बिचाऱ्याच्या. दिवसभर धुरात काम करणाऱ्या बाईला चंद्राच्या डोळ्यांची काळजी वाटावी, यावर मी अजूनही थांबते. आपल्या डोळ्यांबद्दल ती एक शब्द बोलत नाही.

चंद्र नेमका कोणत्या खाणीवर उगवला, याबद्दल मात्र दोन गावांचं म्हणणं वेगळं आहे. चिकुहोतल्या तागावा गावात हे गाणं जन्मलं आणि तिथले लोक तागावाच्या इता खाणीचं नाव घेऊन गातात. 1908 साली बांधलेली, 45 मीटरांहून उंच अशी दोन धुराडी तिथे आजही उभी आहेत. पण रेकॉर्ड आणि रेडिओवरून देशभर जे शब्द पसरले त्यांत नाव आलं मीइकेचं, त्याच प्रांताच्या दक्षिण टोकाला असलेल्या ओमुता गावच्या खाणीचं. तागावाची खाण 1964 मध्ये बंद झाली, मीइकेची 1997 मध्ये. दोन्ही खाणी मिटल्या आणि तोक्योच्या एका मैदानात, जिथे कोळशाचा खडा कुणी हातात धरलेला नाही, तिथे शंभर-दीडशे माणसं हवेतून कोळसा उपसत होती.

(तागावाच्या खाणींतलं जगणं कुणाला बघायचं असेल तर यामामोतो साकुबेई या खाणकामगाराची चित्रं जरूर बघावीत. लहानपणापासून खाणीत राबलेल्या या माणसानं उतारवयात आठवणीनं शेकडो चित्रं काढली. 2011 मध्ये ती युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत गेली, जपानमधली पहिली नोंद. नवरा पुढे खणतोय, बायको मागे टोपली ओढतेय, अशी कितीतरी चित्रं त्यांत आहेत.)

त्या रात्रीपासून मी ही गाणी शोधायला लागले. आज जपानमध्ये त्यांना मिन्यो म्हणतात आणि हा शब्द फार जुना वाटतो. तो तसा नाही. मेइजी काळात, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला, जर्मन भाषेतल्या ‘लोकांचं गाणं’ अशा अर्थाच्या शब्दासाठी तो वापरात आला आणि रुळायला आणखी काही दशकं गेली. त्याआधी खेड्यातली माणसं नुसतं ‘उता’ म्हणत, गाणं. फार तर कामाचं नाव पुढे लावत: ताउए-उता म्हणजे भातलावणीचं, मागो-उता म्हणजे घोडेवाल्याचं, कोमोरी-उता म्हणजे मूल सांभाळणारीचं. माझ्या आजीनंही आपल्या ओव्यांना कधी लोकगीत म्हटलं नव्हतं. तिचं ‘दळताना म्हणायचं’ असायचं, तेवढंच. ‘बुशी’ हा शब्द मात्र मला फार आवडतो. मूळ शब्द फुशी. बांबूचं पेर जिथे जुळतं त्या गाठीलाही फुशी म्हणतात आणि चालीलाही.

या गाण्यांची मापंही बोटांवर मोजून बघितली. बहुतेक कडव्यांत अक्षरं सात, सात, सात आणि शेवटी पाच. जपानी अक्षर म्हणजे आपल्या मात्रेच्या जवळ जाणारं, तेव्हा तुलना जपूनच करायला हवी. पण तीन भरलेले चरण आणि चौथा आखूड, हे कानावर पडलं की मराठी माणसाला आपली साडेतीन चरणांची ओवी आठवल्याशिवाय राहत नाही. तो आखूड चरण दोन्हीकडे एकच काम करतो: दम घ्यायला जागा देतो. कामात हात थांबत नाहीत, श्वास मात्र कुठेतरी घ्यावाच लागतो. आणि सगळीकडे माप एकच असल्यामुळे एका गावचे शब्द दुसऱ्या गावच्या चालीत सहज जाऊन बसतात.

कसे जातात, ते ओइवाकेच्या गाण्यानं मला दाखवलं.

नागानो प्रांतात आसामा नावाचा जागता ज्वालामुखी आहे. त्याच्या पायथ्याशी, आजच्या कारुइझावाजवळ, ओइवाके हे जुन्या नाकासेंदो रस्त्यावरचं मुक्कामाचं ठाणं होतं. ओइवाके म्हणजेच वाट फुटते ती जागा. क्योतोकडे जाणारी एक आणि उत्तरेला समुद्राकडे जाणारी दुसरी. घोड्यांवर ओझी लादून चालणारे घोडेवाले इथून जात आणि घोड्याच्या पावलांच्या चालीत, गळ्यातल्या घंटेच्या संगतीत लांब सूर लावत. त्यातलं एक कडवं असं: कोमोरो गावाबाहेर येऊन बघावं तर आसामाच्या डोंगरावर आज सकाळीही धुराच्या तीन रेघा. एवढंच. घराबाहेर पडलेल्या माणसानं डोंगराकडे बघून दिवसाचा अंदाज घेतलाय, बाकी काही नाही.

ठाण्यावरच्या खानावळींत वाढणाऱ्या आणि पाहुण्यांचं मन रिझवायला लावलेल्या बायका होत्या. त्यांनी ही चाल उचलली आणि शामिसेन या तीन तारांच्या वाद्यावर बसवली. मग ती उत्तरेच्या वाटेनं एचिगोत, म्हणजे आजच्या नीगाता प्रांतात उतरली. तिथे समुद्र लागला. डोंगरातल्या घोडेवाल्याचं गाणं समुद्रात जायचं कसं? त्याला किटामाए-बुने मिळाली. ही मालवाहू गलबतं ओसाकाहून निघून जपानी समुद्राच्या काठाकाठानं उत्तरेच्या होक्काइदो बेटापर्यंत जात. जाताना तांदूळ, मीठ, साके, कापड. येताना वाळवलेला समुद्री शेवाळ कोंबू आणि हेरिंग माशांचं खत, पश्चिम जपानच्या कापसाच्या शेतांसाठी. गलबतांबरोबर खलाशी, खलाशांबरोबर गाणं. असं करत ते होक्काइदोच्या एसाशी बंदरात पोचलं. हेरिंगच्या दिवसांत हे बंदर इतकं भरभराटीला असायचं की ‘एसाशीचा पाचवा महिना एदोतही नाही’ अशी म्हणच होती. एदो म्हणजे जुनं तोक्यो.

तिथे त्याचं एसाशी ओइवाके झालं. घोड्याच्या पावलांची चाल गेली, लाटेची आली. शब्दांतला डोंगरही समुद्रातून दिसू लागला: सीगल पक्ष्यांच्या ओरडण्यानं अचानक जाग आली, तो समोर दिसतो तो एझोचा डोंगर का? एझो म्हणजे होक्काइदोचं जुनं नाव. रात्रभर हेलकावे खाऊन पहाटे जमीन दिसल्याचा तो क्षण आहे.

हे गाणं प्रत्यक्ष ऐकायचं म्हणून मी एका उन्हाळ्यात एसाशीला गेले. गाण्याचे सात खंड, एकेक खंड एका श्वासात. सगळं मिळून अडीच मिनिटंही होत नाहीत. बाजूला बसलेला साथीदार ‘सोई सोई’ अशी हाक घालत राहतो, वल्हं मारणाऱ्याला दम द्यावा तशी. शिकवताना ते लाटांसारख्या रेघा काढून दाखवतात: सूर इथे चढला, इथे थरथरला, इथे तुटण्याआधी सावरला. 1963 पासून तिथे दर वर्षी देशभरच्या गायकांची स्पर्धा भरते, फक्त या एका गाण्याची. त्या दिवशी मी ऐकलं ते एका निवृत्त दिसणाऱ्या गृहस्थांकडून. पाठ ताठ, डोळे मिटलेले. पहिला सूर लागला आणि मला क्षणभर वाटलं, आपण एखाद्या मैफलीत विलंबित आलाप ऐकतोय. ताल नाही, पण काळ भरून राहिला होता.

हे वाटणं अगदीच वाऱ्यावरचं नव्हतं, हे नंतर कळलं. कोइझुमी फुमिओ हे जपानचे मोठे संगीतशास्त्रज्ञ. 1957 मध्ये ते भारतात येऊन आपलं संगीत शिकले. त्यांनी जपानी लोकगीतांच्या लयीचे दोन मोठे गट सांगितले: यागी-बुशीसारखी ठेक्यात बांधलेली आणि ओइवाकेसारखी ठेक्यातून मोकळी. आपल्याकडे यालाच निबद्ध आणि अनिबद्ध म्हणतात. शार्ङ्गदेवानं तेराव्या शतकात, देवगिरीच्या यादवांच्या आश्रयानं लिहिलेल्या ‘संगीतरत्नाकर’मध्ये हे शब्द आहेत. कोइझुमींनी मांडलेल्या चार स्वरपंक्ती मी एकदा हार्मोनियमवर वाजवून बघितल्या. मिन्योची पंक्ती: सा, कोमल ग, म, प, कोमल नी. थेट धानी रागाचे स्वर. शहरी, शामिसेनच्या गाण्यांची मियाको-बुशी: सा, कोमल रे, म, प, कोमल ध, म्हणजे गुणक्री. रित्सु म्हणजे दुर्गा. आणि ओकिनावाची रिऊक्यू पंक्ती तिलंगच्या आरोहासारखी. राग नुसत्या स्वरांनी होत नाही हे खरंच, त्यामुळे ‘जपानी लोक धानी गातात’ असं मी म्हणणार नाही. पण त्या रात्री हार्मोनियमच्या पट्ट्या दाबताना परकेपणाचा एक मोठा पडदा गळून पडला, हे मात्र सांगायलाच हवं. माझ्या मनात ‘जपानी सूर’ म्हणून जे काही रडवेलं, नाजूक होतं ते सगळं गुणक्रीचं होतं. आणि कोळसा, मासे, घोडे यांची गाणी धानीची.

गलबतांनी दुसऱ्या टोकाकडूनही गाणी नेली. क्यूशूच्या पश्चिमेला आमाकुसा बेटांवर उशिबुका नावाचं बंदर आहे. दक्षिणेच्या वाऱ्याला तिथे ‘हाए’ म्हणतात. त्या वाऱ्याची वाट बघत गलबतं अडून राहत, आणि बंदरातल्या बायका दारू ओतताना, नाचताना हाइया-बुशी म्हणत. शब्द हसरे वाटतात, नीट ऐकले की नाही: आज सकाळी सोडलेलं ते लाडकं गलबत आता कोणत्या बंदरात शिरलं असेल? वारा सुटला, गलबतं गेली, गाणंही गेलं. सादो बेटावर पोचून ते ओकेसा झालं. उत्तरेला त्सुगारूत ‘ह’ गळून आइया-बुशी झालं. कागोशिमात हान्या झालं. तोकुशिमाच्या आवा ओदोरीतही त्याचीच नाडी असल्याचं अभ्यासक सांगतात. सादोचा माणूस ओकेसा अगदी संथ, सोन्याच्या खाणीच्या गावाला शोभेल अशा आबदार पद्धतीनं नाचतो. उशिबुकाचा हाइया घामानं निथळवतो. दोन्ही ओळीनं ऐकले तर बहिणी आहेत हे चटकन कळत नाही, दोन घरी दिलेल्या बहिणींचं होतं तसं. तरी आज सादोच्या कुठल्याही दुकानात ओकेसाची बाहुली मिळते, आणि गाणं सादोचंच.

साकेच्या भट्ट्यांतली गाणी तर घड्याळ होती. हिवाळ्यात शेतं बर्फाखाली गेली की शेतकरी मद्य गाळायच्या कामाला दूरदूर जात. मोठ्या लाकडी भांड्यात भात आणि किण्व घोटायचं, ते किती वेळ? अमुक इतकी कडवी म्हणून होईपर्यंत. गाणं संपलं की घोटणं संपलं.

आणि मग इत्सुकी.

कुमामोतो प्रांतात कावाबे नदीच्या खोऱ्यात हे डोंगरातलं गाव आहे. तिथली कोमोरी-उता जपानभर अंगाई म्हणून ओळखली जाते. मीही पहिल्यांदा अंगाई म्हणूनच ऐकली, आणि शब्द समजल्यावर सुन्न झाले. ही आईची अंगाई नाही. गरीब कुळांच्या सात-आठ-दहा वर्षांच्या मुलींना खाऊन-पिऊन राहण्याच्या बोलीवर दुसऱ्यांच्या घरी मूल सांभाळायला पाठवत. पाठीवर मूल बांधून ती मुलगी गाते: मी इथे बोनपर्यंत, बोनपर्यंत. बोननंतर मी नसेन. बोन लवकर आला तर मी लवकर घरी जाईन. पुढच्या कडव्यात म्हणते, मी भिकारीण, ती माणसं मोठी. मोठ्यांचा पट्टा छान, कपडे छान. आणि मग: मी मेले तर कोण रडेल? मागच्या पाइनच्या डोंगरात किडे तेवढे किरकिरतील. मेले तर रस्त्याच्या कडेला पुरा, जाणारा-येणारा फूल वाहील. कोणतं फूल? कामेलियाचं. पाणी आभाळातून मिळेल, फुकटचं.

मूल झोपावं म्हणून यात एकही शब्द नाही. मूल झोपलेलं असतानाच ती हे म्हणत असणार, कारण तेवढाच वेळ तिचा स्वतःचा. आपल्या जात्यावरच्या बायका सासरचं दुःख पहाटेच्या अंधारात जात्याला सांगत, कारण बाकी घर तेव्हा निजलेलं असायचं. ‘जात्या ईश्वरा’ म्हणून हाक मारायला निदान जातं होतं. या मुलीला पाठीवरचं मूल, जे ऐकूनही कुणाला सांगणार नाही.

हे गाणं कळलं आणि मला आमच्या मैदानातला तो बोन आठवला. ज्या सणाच्या रिंगणात मी हसत हसत कोळसा उपसत होते, त्याच सणाची बोटांवर दिवस मोजून वाट बघणारी ती मुलगी. आता तर तिचं मूळ गावही जागेवर नाही. 1966 मध्ये कावाबे नदीवर धरणाची योजना जाहीर झाली, वाद अनेक दशकं चालला, योजना थांबली, पुराच्या तडाख्यानंतर नव्या रूपात पुन्हा आली. मधल्या काळात इत्सुकीची मुख्य वस्ती नदीकाठावरून उठून वरच्या अंगाला गेली. गाणं मात्र देशभर लहान मुलांच्या उशाशी म्हटलं जातं.

होक्काइदोच्या सोरान-बुशीचीही तीच गोष्ट. हेरिंग धरायच्या कामाला एक नाही, गाण्यांची अख्खी माळ होती. वल्हवताना एक, जाळं ओढताना दुसरं, जाळ्यातून मासे उपसताना तिसरं, जाळ्याला चिकटलेली अंडी काठीनं झोडपून काढताना चौथं. उपसतानाचं ते सोरान. मुख्य बेटाच्या उत्तरेकडच्या तोहोकू भागातून मजुरीला आलेली माणसं कडाक्याच्या थंडीत रात्रभर हे म्हणत उपसत राहायची, झोप येऊ नये म्हणूनही. 1897 साली होक्काइदोत हेरिंगची पकड 9 लाख टनांच्या वर गेली होती. 1950 च्या दशकाच्या मध्याला मासा येणं जवळजवळ थांबलं. गाण्यात म्हणतात, हेरिंग आले का, सीगलला विचारलं. ती म्हणाली, मी उडणारं पाखरू, लाटेला विचार. आता शाळाशाळांतून मुलं या गाण्यावर ताकदीनं नाचतात, गुडघे वाकवून अदृश्य दोर ओढतात. त्यांच्या नाचाला मी कमी लेखणार नाही. मला ते बघून भरून येतं. पण ‘आता उपसायला काही नाही’ हे त्यांना कुणीतरी सांगावं असं मनापासून वाटतं, जसं मला त्या आजींनी कोपर धरून सांगितलं.

गेल्या दिवाळीत माणदेशातल्या आमच्या गावी गेले, तेव्हा आत्याला म्हटलं, आजी जात्यावर म्हणायची ते म्हण ना, रेकॉर्ड करून घेते. आत्या आता पंचाहत्तरीची. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा ती परकरी पोर होती, पण त्याआधीची दोन-तीन वर्षं आईच्या समोर बसून तिनं खुंट्याला हात लावला होता. ती बराच वेळ आठवत बसली. मग म्हणाली, ‘‘न्हाई गं आठवत. जातं न्हाई फुडं, कसं यावं?’’

मी फोन बाजूला ठेवला. आमचं बोलणं दुसरीकडेच वळलं, कुणाची सोयरीक, कुणाची विहीर. बोलता बोलता तिनं पाय लांब केला, एक गुडघ्यात मुडपला, आणि उजवी मूठ वळून फरशीवर गोल फिरवू लागली. आधी हळू. तीन-चार फेरे झाले असतील. मग तोंडातल्या तोंडात, माझ्याकडे न बघता, ‘‘पहिली माझी ओवी गं…’’